ताज्या फोमची गादी

"ताजा माल घरात घेऊन झोपाचं नसते, बेटा. सात दिवस उघड्यावर पडू दे त्याले, मंग वापर."

धरमसिंगकाकांनी हे सांगितलं तेव्हा पायल बंडलाला सुतळी बांधत होती आणि तिचा अर्धा जीव साडेपाचच्या बसमध्ये जाऊन बसला होता. "हो काका," ती म्हणाली. हो म्हणण्याच्याही तऱ्हा असतात. काही हो ऐकून म्हटलेले असतात, काही सुटका करून घ्यायला. हा दुसऱ्या जातीचा होता.

"नुसतं हो नको म्हनू. गच्चीवर टाकशीन?"

"आमच्याकडे गच्ची नाही, काका. कौलं आहेत."

"मंग आंगनात टाक."

"दोन तुकड्यांत असा कितीसा गॅस असतो, काका?" पायल हसून म्हणाली आणि बंडल काखेत मारून निघाली. बीएस्सीला केमिस्ट्री होतं तिला. मशीन चालवणारे धरमसिंगकाका आठवीपर्यंत शिकलेले. तिच्या मनात असं काही आलं नव्हतं, निदान शब्दांत तरी नाही. पण ते आत कुठंतरी होतं, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं.

यवतमाळच्या एमआयडीसीत पत्र्याच्या दोन शेडमध्ये हा कारखाना चालतो. कपाटं, फरश्या, काचसामान गुंडाळायला जो पांढरा मऊ फोम लागतो, तो इथं निघतो. लांब लोखंडी नळीत जाड स्क्रू फिरत असतो. वरून प्लास्टिकचे दाणे पडतात, वितळतात, आणि त्या घट्ट रसात पंपानं ब्युटेन गॅस दाबून भरतात. नळीत असतो तोवर गॅस गुमान रसात मुरलेला राहतो. टोकाच्या डायच्या, म्हणजे साच्याच्या, तोंडातून बाहेर आला की दाब सुटतो, आणि ज्वारीची लाही फुटावी तसा सगळा रस क्षणात फुलून येतो. लाखो बारीक बुडबुडे, आणि प्रत्येकात तोच गॅस. पुढं सात-आठ दिवसांत तो हळूहळू बाहेर पडतो आणि त्याच्या जागी साधी हवा शिरते. म्हणून तर मागच्या गोदामाला तिन्ही बाजूंनी भिंतीऐवजी जाळी आहे, आणि काडीपेटी गेटवरच काढून घेतात.

पायलचं काम मोजण्याचं. शीटची जाडी, वजन, लांबी. निघाल्यावर, चोवीस तासांनी, मग तिसऱ्या दिवशी. सगळं वहीत.

रोज सकाळी मशीन सुरू झालं की पहिले वीस-पंचवीस मीटर धड येत नाहीत. कुठं जाड, कुठं फाटकं. तो माल दळून परत वापरतात. त्यातला एखादा तुकडा कामगारानं घरी नेला तर मालक काही म्हणत नाही. गोदामातला पक्का माल मात्र कुणी हात लावून दाखवावा! म्हणजे फुकट मिळतं ते नेमकं ताजंच.

आणि पायलला ते आजच हवं होतं. खुशी सात महिन्यांची झाली होती. नुकतीच पालथी पडून गोल फिरायला शिकली होती आणि दोनदा गोधडीवरून घरंगळून फरशीवर गेली होती. डिसेंबरातली त्यांच्या नेरच्या घरची फरशी म्हणजे पाय टेकवत नाही. पायलचा स्वभाव मुळात काळजीचा, त्यात ही पहिली लेक. रात्री तीनतीनदा उठून ती खुशीच्या नाकापुढं बोट धरायची. मच्छरदाणीला टाके घालून झाले होते, पलंगाचे कोपरे चिंध्यांनी गुंडाळून झाले होते. आता थंडी तेवढी उरली होती.

बसमध्ये बंडल मांडीवर मावेना. कंडक्टर म्हणाला, "बाई, या पाव्हन्याचं तिकीट कोन काढते? आख्खी सीट घेऊन बसला ना तो."

"वजन करून पाहा त्याचं. तुमच्या पंचिंग मशीनपेक्षा हलका आहे," पायल म्हणाली. बस हसली.

शेजारी तिच्याच वयाची एक बाई होती. खांद्यावर झोपलेलं पोर, हातात पिशवी. बऱ्याच वेळापासून ती बंडलाकडं बघत होती. शेवटी राहवलं नाही.

"ताई, हे थर्माकोल व्हय?"

"नाही हो, फोम आहे. आमच्या कंपनीतला."

"हात लावू?" लावला. "बापा! लोनीच हाये. कायले नेऊन राह्यल्या?"

"लेकीला गादी करायची. आणि दाराखालून वारं येतं ना, त्या फटीत पट्टी ठोकून द्यायची. घट्ट बसते. खोली कशी डब्बाबंद होऊन जाते मग."

"आयडिया चांगली हाये," ती बाई म्हणाली. तिचं नाव बबिता. नेरच्या अलीकडं फाट्यावर उतरून बंजारा तांड्यावर जायची. पोराचं नाव सोनू. सोनूची छाती थंडीनं भरली होती, दवाखान्यातून आणत होती. "सासू रोज शेक देते. ओवा टाकते, धूर करते, पन रातभर वारं शिरते त्याले काय करता?"

बंडलात दोन तुकडे होते, दहा-दहा मीटरचे. पायलनं सुतळी सोडली आणि एक तुकडा गुंडाळून बबिताच्या मांडीवर ठेवला.

"अव ताई, मी तं सहज इचारलं!"

"असू द्या. तुमच्या सोनूला."

फाट्यावर उतरल्यावर बबितानं खिडकीखालून हात वर करून सांगितलं, "आमच्या तांड्यावर या एखाद खेप!" पायलला दिवसभरात पहिल्यांदा फार बरं वाटलं. माणूस देताना मोठं होतं म्हणतात, तसं काहीतरी.

घरी आल्यावर तिनं तुकड्याच्या घड्या घातल्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी बसवली, अगदी मापात. उरलेल्याची पट्टी कापून दाराखाली ठोकली. खिडकीच्या झडपेलाही एक पट्टी. नवरा संघदीप कापसाच्या जिनिंगमधून आला, दार ढकललं तर उघडेना.

"काय व्हय हे? किल्ला बांधला काय?"

"वारं यायचं."

"वारंच काय, मलेही येऊ देत नाहीस तू." पण आत येऊन त्यानं गादीवर हात दाबून पाहिला आणि स्वतःच आडवा झाला. खुशीची झोपमोड नको म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपायचा. त्या रात्रीही तिकडंच झोपला. खुशी शांत झोपली. पायलही झोपली, बोट धरायला फक्त एकदा उठली.

सकाळी जाग आली तेव्हा दाराखालून उजेड येत होता.

पायल पडल्या पडल्या त्या उजेडाकडं बघत राहिली. काल दिवा घालवल्यावर तिथं सुईएवढीही रेघ दिसत नव्हती. मुद्दाम पाहिलं होतं तिनं. आता पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन दोन बोटं उजेड होता. उंदरानं कुरतडली म्हणावी तर कडा सरळ. मग तिची नजर गादीकडं गेली. काल भिंतीला टेकलेली गादी भिंतीपासून चार बोटं लांब होती. दोन्हीकडून.

रोज जे वहीत लिहायची तेच होतं हे. *चोवीस तासांनी: घट.* घट का होते? गॅस लवकर निघतो, हवा सावकाश शिरते. मधल्या काळात शीट आकसते. हे तिनं नव्या मुलींनाही शिकवलं होतं. वहीत तो फक्त आकडा असायचा. गोदामात तो वाऱ्यावर जायचा.

इथं तो कुठं गेला होता?

ब्युटेन हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, खाली बसतो. घरच्या सिलिंडरला असतो तसला वास कारखान्यातल्या गॅसला नसतो. खाली बसून तो दाराखालच्या फटीतून निघून गेला असता, पण ती फट तिनं रात्रभर बुजवून ठेवली होती. आणि खाली, अगदी फरशीलगत, खुशी झोपली होती.

पायल उठतच होती तोवर दाराला पायाचा धक्का बसला. "उघड वं. हात भरले हाये माहे." कौसल्याबाई, तिची सासू. पट्टी सरकली, दार अर्धं उघडलं. त्यांच्या हातात मातीची शेगडी होती. खुशीच्या सकाळच्या शेकासाठी निखारे फुलवून आणलेले, वर ओवा टाकायचा तेवढा बाकी.

"आई, तिथंच थांबा. आत पाय टाकू नका."

"काहून? साप हाये काय?"

"साप नाही. ती शेगडी मागं न्या. अंगणात. पार हौदापर्यंत."

"पायल, सकाळी सकाळी..."

"आई." एवढंच म्हणाली ती, आणि ते तिच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं. कौसल्याबाई वळल्या. निखारे सांभाळत, पुटपुटत, पण वळल्या.

पायलनं खुशीला उचललं. लेक गाढ झोपलेली, मान खांद्यावर पडलेली. दारातून बाहेर, ओटा उतरून, उन्हाच्या पट्ट्यात येईपर्यंत आपण श्वास घेतला की नाही, तिला आठवत नाही. लेकीच्या तळपायाला बोटानं गुदगुल्या केल्या. काही नाही. पुन्हा केल्या, जरा जोरात. खुशीनं तोंड वाकडं केलं, एक डोळा उघडला आणि झोपमोड करणाऱ्या आईला जे ऐकवायचं ते भोकाड पसरून ऐकवलं. एवढं गोड रडणं पायलनं आजवर ऐकलं नव्हतं.

मग तिनं खुशीला संघदीपकडं दिलं. तो तोंडात ब्रश घेऊन उभाच होता. सगळी दारं-खिडक्या सताड उघडल्या. विजेच्या बटणाला हात लावला नाही. गादी ओढत अंगणात आणली, तारेवर टाकली, पट्ट्याही. हे सगळं तिनं न धावता केलं. कारखान्यात शिकवतात, गॅसच्या जागी धावायचं नाही.

चहा झाल्यावर तिनं दोघांना सांगितलं. कागदावर हिशेबही करून दाखवला. गॅस सगळ्या खोलीभर सारखा पसरला असता तर पेटण्याइतका नव्हता. पण तो सारखा पसरत नाही, खाली साचून बसतो. आणि शेगडी ठेवतात तीही खालीच, लेकराच्या हाताच्या अंतरावर.

कौसल्याबाईंनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "मंग काल रातीच मले सांगाव नाई? मी अडानी म्हनून?"

"मलाच कळलं नाही, आई."

"एवढी शिकली अन् कळलं नाई," त्या म्हणाल्या. पण खुशीला मांडीवर घेऊन तिच्या टाळूवर तेल थापता थापता म्हणाल्या, त्यात टोमणा कमीच होता.

सासूच्या हाताकडं बघता बघता पायलला बबिताचे शब्द आठवले. *सासू रोज शेक देते.* बस, फाटा, खिडकीबाहेर हललेला हात.

"अहो, गाडी काढा," ती संघदीपला म्हणाली. "मी काल अर्धं एका बाईला दिलंय."

"कोन बाई?"

"माहीत नाही. बबिता. फाट्यावरच्या तांड्याची. छाती भरलेलं लेकरू आहे तिचं."

संघदीपनं एकही प्रश्न पुढं विचारला नाही. पायलला त्या दिवशी नवऱ्याची सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

पंधरा मिनिटांचा रस्ता. दोन्ही बाजूंना तुरीवर धुकं होतं. मागं बसून पायल कल्पना करत नव्हती. तिनं ठरवलं होतं, कल्पना करायची नाही, फक्त किलोमीटरचे दगड वाचायचे. तांड्याच्या तोंडाशी एक म्हातारा उन्हात बसला होता. बबिताचं घर विचारलं तर म्हणाला, "कोनती बबिता? तीन हायेत. लेकरावाली म्हनान तं दोन."

"काल बसनं आली, पांढरी गादी घेऊन."

"हां, ते! निळ्या दाराचं घर. सारा तांडा पाहून आला ते गादी."

निळं दार बंद होतं. वरून, कौलांच्या फटीतून, धूर निघत होता.

पायलनं कडी वाजवली नाही, सरळ दार लोटलं. आत चूल पेटलेली. चुलीपाशी एक म्हातारी. आणि मागून, परसातून, बबिताचा आवाज आला, "कोन हाये, याडी?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, सासूलाही तसंच म्हणतात. बबिता सोनूला काखेत घेऊन आत आली, आणि सोनू खोकत होता, जिवंत, लालबुंद, चिडका.

"अव ताई! या म्हनलं तं सकाळीच आल्या!"

पायल खाली बसली. उंबऱ्यावरच. संघदीपनं विचारलं, "वहिनी, तो फोम कुठं हाये?"

"इथंच होता राती. पन आमच्या घराले मागचं दार नाई ना, नुसतं तरट हाये. वारंच वारं." बबिता हसली. घडी परसातल्या बाजेवर पडली होती, उघड्यावर. पायलनं पाणी प्यायलं आणि सगळं समजावून सांगितलं. बबितानं ते सासूला त्यांच्या बोलीत सांगितलं. म्हातारीनं पायलकडं निरखून पाहिलं, मग उठून तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

तिथंच संपलं असतं. पण पायलच्या नजरेला मापाची सवय. बाजेवरची घडी तिनं उलगडली, वीत टाकत मोजली, पुन्हा मोजली.

"बबिताताई, हे पाचच मीटर आहे."

"हाव. अर्धं रंजिताले देलं ना, माह्या ननंदेले. ते राळेगावाकडं कापूस येचाले गेली. पहाटीच पिकअप आली होती मुकादमाची. तिचं पोट्टं दीड महिन्याचं हाये, ताई. अन् शेतात टिनाची खोली देतेत राहाले, लय थंडी. मी म्हनलं ने अर्धं." ती थांबली. तिला स्वतःलाच ऐकू यायला लागलं होतं. "मीच सांगतलं तिले. दाराच्या फटीत ठोक म्हनून. तुमीच सांगतलं होतं ना?"

"हो," पायल म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

रंजिताचा फोन बंद होता. तिच्या नवऱ्याचाही. मुकादमाचा नंबर तांड्यावर कुणाकडं नव्हता, दुसऱ्या तांड्यातल्या एकाकडं होता, तो शेतावर गेलेला. कुठल्या गावात उतरणार हे विचारलं तर बबिता म्हणाली, "राळेगावच्या पलीकडं कुठीतरी. मुकादम नेते तिथी."

पायलनं धरमसिंगकाकांना फोन लावला. ते पहिल्या पाळीला मशीनवरच होते, मागं स्क्रूची घरघर ऐकू येत होती. तिनं एका दमात सगळं सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"लेक कशी हाये?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"मंग रडू नको. मी गुजरातेत होतो तवा असाच माल बंद खोलीत भरून ठेवला होता एकानं. कुलूप उघडलं अन् बिडी शिलगावली. भिवया गेल्या फक्त, नशीब समज. पिकअपवर उघडा गेला असन माल तं निम्मं काम वाऱ्यानं केलं. राती खोली बंद करायच्या आंधी निरोप पोचला पाह्यजे, बस. मुकादमाचं नाव इचार. राळेगावात माह्या साडूचं पंक्चरचं दुकान हाये, त्याले सांगतो."

दिवसभर निरोप फिरत राहिला. पायलनं खाडा केला आणि फोन हातात धरून अंगणात बसून राहिली. तारेवर गादी वाळत होती आणि खुशी सासूच्या मांडीवर पाय झाडत होती. दुपारी मुकादमाचा नंबर मिळाला. तो लागेना. मग काकांच्या साडूचा फोन आला की पिकअप दुकानासमोरून गेली होती पण थांबली नव्हती. मग सहा वाजले. सात. राळेगावाकडं आता थंडी उतरली असेल, कुणीतरी दार लोटून घेतलं असेल, हे तिला बसल्या जागी दिसत होतं.

आठला मुकादमाचा फोन लागला. मागं ट्रॅक्टर चालू होता, तो ओरडून बोलत होता. "हो हो, सांगतलं! पोट्टं पाठवलं होतं सांगाले. ठीक हाये म्हने!"

"तुम्ही स्वतः पाहिलं का? फोम बाहेर काढला का त्यांनी?"

"म्हनते ना बाई, ठीक हाये म्हने," आणि फोन तुटला.

दुसऱ्या दिवशी बबितानंही तसंच कळवलं. तिसऱ्या दिवशी टोळी त्या शेतातून पुढच्या शेतात गेली. रंजिताचा फोन नेटवर्कमध्ये नाही, किंवा चार्ज नाही, किंवा दुसऱ्यानं घेतला आहे, हे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळं सांगितलं. वाईट बातमी असती तर एव्हाना आलीच असती, असं संघदीप म्हणतो, आणि ते बरोबरच असणार. कौसल्याबाईही तेच म्हणतात, मग घटकाभरानं स्वतःच विचारतात, "काही कळलं काय वं त्या पोरीचं?"

कारखान्यात आता पहिल्या वीस मीटरचा माल कुणी नेत नाही. धरमसिंगकाका त्याला तिथल्या तिथं दळणात घालतात आणि कुणी मागितला तर पायलकडं बोट दाखवतात.

हे तुम्ही वाचाल तेव्हा तीन आठवडे होऊन गेलेले असतील. त्या पाच मीटरात आता गॅसचा कणही उरला नसेल, हे पायल मोजून सांगू शकते. पण आईच्या जिवाला 'म्हणे' पुरत नाही. तेव्हा तुम्ही राळेगावच्या बाजूचे असाल, किंवा एसटीनं त्या रस्त्यानं जाणार असाल, आणि कापसाच्या शेतात टिनाची खोली दिसली, बाहेर दोरीवर लहान दुपटी वाळत असली, तर जरा उतरा. रंजिता नावाची बाई आहे का, विचारा. असली तर तिच्या लेकराला स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि कसं आहे ते पायलला कळवा.